रिमोट बंद केल्यावर ड्रोन परत येतो का? आर्डूपायलटच्या परतीच्या सोयीचे परीक्षण

ड्रोन हवेत असताना हातातला रिमोट जाणूनबुजून बंद करण्याचे धाडस मला पहिले आठ महिने झाले नव्हते. ड्रोनमध्ये ‘रिटर्न टू लाँच’ (आरटीएल), म्हणजे संपर्क तुटला की जिथून उडाला तिथे आपोआप परत येण्याची सोय आहे, हे मला माहीत होते, ती चालू करून ठेवलेलीही होती. पण ती खरोखर काम करते का, हे मी पाहिलेले नव्हते. आपल्याकडचे बहुसंख्य हौशी ड्रोनवाले याच अवस्थेत उडत असतात, असे मला अनेकांशी बोलल्यावर वाटू लागले आणि म्हणून गेल्या हिवाळ्यात मी एका मित्राच्या पडीक रानात या सोयीची एकेक बाजू मुद्दाम मोडून पाहिली. हे परीक्षण त्या उड्डाणांवर आधारलेले आहे.

परीक्षण आर्डूपायलट या मुक्त फर्मवेअरच्या, म्हणजे ड्रोनच्या आत बसून तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कॉप्टर ४.५ आवृत्तीचे आहे. तयार ड्रोन सोडून फर्मवेअर का निवडले, असा प्रश्न पडू शकतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन भारतात आयात करण्यावर बंदी आहे, मात्र सुट्या भागांच्या आयातीला परवानगी लागत नाही. त्यामुळे फ्लाइट कंट्रोलर (ड्रोन सांभाळणारा छोटा संगणक), मोटर, ईएससी (मोटरचा वेग राखणारे सर्किट) आणि जीपीएस असे सुटे भाग आणून स्वतः ड्रोन जोडणाऱ्यांची संख्या आपल्याकडे बरीच आहे आणि अशा ड्रोनमध्ये परतीची अक्कल फर्मवेअरमधूनच येते. माझा ड्रोन ४५० मिलिमीटरच्या चौकटीचा असून त्यावर पिक्सहॉक जातीचा फ्लाइट कंट्रोलर, यू-ब्लॉक्सचा एम८एन जीपीएस आणि तीन सेलची ५२०० एमएएच लिपो बॅटरी आहे. बॅटरीसह त्याचे वजन दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे तो २५० ग्रॅम ते २ किलो या ‘मायक्रो’ गटात मोडतो.

सर्वप्रथम ‘घर’ म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. आर्डूपायलटच्या लेखी घर म्हणजे ड्रोन आर्म केला, म्हणजे उड्डाणासाठी मोटर चालू केल्या, तेव्हा तो जिथे होता ती जागा. तुम्ही जिथे उभे आहात ती नव्हे, आणि उड्डाणादरम्यान तुम्ही चालत दुसऱ्या बांधावर गेलात तरी घर तुमच्या मागे येत नाही. इथपर्यंत सगळे ठीक आहे. अडचण येते ती घाई केल्यावर. जीपीएसला पुरेसे उपग्रह मिळण्याआधीच ‘स्टॅबिलाइज’ या जीपीएसशिवाय चालणाऱ्या मोडमध्ये ड्रोन उडवता येतो, आणि मग जीपीएसची पकड हवेत असताना बसली तर घराची नोंदही हवेतल्या त्याच ठिकाणी होते. ते ठिकाण शेजारच्या विहिरीवर असू शकते, रस्त्यावर असू शकते. अशा वेळी परतीचे बटण दाबले तर ड्रोन अत्यंत शिस्तीत त्या विहिरीवर जाऊन उतरू लागेल, आणि त्यात फर्मवेअरची काहीही चूक नसेल. मी आता ‘लॉयटर’ या जीपीएसच्या आधारे जागा धरून ठेवणाऱ्या मोडमध्येच आर्म करतो, कारण त्या मोडमध्ये जीपीएसची स्थिती समाधानकारक असल्याशिवाय ड्रोन आर्म होण्यास सरळ नकार देतो. हा नकार या फर्मवेअरमधील मला सर्वांत आवडलेला गुण आहे.

घराच्या जागेबद्दल आणखी एक गोष्ट. साध्या जीपीएसवर परतणारा ड्रोन आर्म केलेल्या ठिकाणापासून दोन-तीन मीटर इकडेतिकडे उतरतो आणि उतरताना सरळ उभ्या रेषेत खाली येतो. सावलीसाठी बाभळीखाली बसून तिच्या कडेने ड्रोन उडवण्याची सवय असेल, तर जाताना फांद्या चुकवणारे तुमचे डोळे असतात. परत येताना ते नसतात. घर मोकळ्या जागी करावे, आपण हवे तर सावलीत जाऊन उभे राहावे.

आता परतीच्या उंचीकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार इथेच आहे. संपर्क तुटल्यावर आर्डूपायलट ड्रोनला आधी ठरलेल्या उंचीपर्यंत वर नेतो, मग सरळ रेषेत घराकडे आणतो, घरावर पाच सेकंद थांबवतो आणि उतरवतो. ड्रोन आधीच त्या उंचीच्या वर असेल तर आहे त्याच उंचीवरून येतो. ही उंची मुळात १५ मीटर ठेवलेली असते. सपाट, झाडे नसलेल्या मैदानावर १५ मीटर पुरेसे असतील, पण कोकणातला माड सहज २० मीटरपर्यंत जातो, उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे त्याहूनही उंच असतात आणि गावाबाहेरचा जुना वडसुद्धा १५ मीटरला दाद देत नाही. माझ्या ड्रोनवर अडथळा ओळखणारा कोणताही सेन्सर नाही. हौशी लोकांनी जोडलेल्या बहुतेक ड्रोनवर तो नसतो. म्हणजे परतीच्या रेषेत जे उभे असेल त्यावर ड्रोन पूर्ण वेगाने जाऊन आदळणार.

शिवाय ही उंची घरापासून मोजलेली असते, ड्रोनखालच्या जमिनीपासून नव्हे, आणि सह्याद्रीच्या मुलखात या एका वाक्याचा अर्थ फार मोठा आहे. समजा तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून ड्रोन सोडला, तो सोंडेला वळसा घालून पलीकडच्या घळीत गेला आणि तिथे संपर्क तुटला. तुमच्या आणि ड्रोनच्या मध्ये ८० मीटर उंचीची सोंड आहे. परतीची उंची १५ मीटर आहे. ड्रोन वर चढेल, तोंड घराकडे वळवेल आणि १५ मीटरवरून थेट कातळात जाईल. संपर्क तुटला तोच मुळी त्या सोंडेमुळे, कारण रिमोटच्या लहरी दगडातून पलीकडे जात नाहीत. म्हणजे ज्या अडथळ्याने संपर्क तोडला तोच अडथळा परतीच्या वाटेत उभा असतो. डोंगरात हा योगायोग नसतो, तो जवळजवळ नियमच आहे.

यावर आर्डूपायलटने दोन उपाय दिलेले आहेत आणि दोन्ही मोलाचे आहेत. पहिला उपाय म्हणजे परतीची उंची जमिनीपासून मोजण्याचा पर्याय. त्यासाठी त्या भागाच्या उंचसखलपणाची माहिती फ्लाइट कंट्रोलरच्या मेमरी कार्डावर आधी उतरवून घ्यावी लागते. ही माहिती ठिपक्याठिपक्यांच्या जाळीत असते, त्यामुळे एखादा अरुंद सुळका तिच्यात हरवू शकतो आणि झाडे, मनोरे तर त्यात धरायचेच नाहीत. तरीही डोंगराळ भागात काहीच नसण्यापेक्षा ती कितीतरी बरी. दुसरा उपाय ‘स्मार्ट आरटीएल’ हा आहे आणि तो मला अधिक पटला. यात ड्रोन जाताना आपली वाट ठिपक्यांच्या रूपाने लक्षात ठेवत जातो, मधली निरर्थक वेटोळी गाळून टाकतो, आणि संपर्क तुटला की गेलेल्या वाटेनेच मागे येतो. तुम्ही जाताना आंब्याला वळसा घातला असेल तर तोही येताना वळसा घालेल. मी पडीक रानात इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात उडवून, मध्ये एक उंच शेवरी ठेवून, रिमोट बंद केला. ड्रोन जरासा थबकला, आणि शेवरीच्या बाजूने सरळ घराकडे येण्याऐवजी आलेल्या वाटेने मागे फिरला. त्या क्षणी मला या फर्मवेअरमागच्या लोकांबद्दल मनापासून आदर वाटला. मर्यादा एवढीच की ठिपक्यांची साठवण मुळात ३०० ठेवलेली असते. लांबच्या वेड्यावाकड्या उड्डाणात ती भरली तर स्मार्ट आरटीएल बंद पडते आणि ड्रोन साध्या आरटीएलवर येतो. म्हणून दोन्ही नीट लावून ठेवणे आवश्यक आहे. मी सपाट रानात परतीची उंची ४० मीटर आणि डोंगराच्या आसपास ६० मीटर ठेवतो. हिरव्या क्षेत्रात (सरकारी नकाशावर आधी परवानगीची गरज नसलेल्या भागात) १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंतच उडण्याची मुभा आहे, त्यामुळे ‘जास्तीत जास्त उंच’ असे करून मोकळे होता येत नाही.

उंची वाढवली की बॅटरीचा हिशेब बदलतो आणि तो कागदावर मांडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. माझा ड्रोन घरापासून ३०० मीटरवर, २० मीटर उंचीवर आहे आणि परतीची उंची ६० मीटर आहे, असे धरू. मूळ वेगांनुसार ४० मीटर वर चढायला सेकंदाला अडीच मीटर या गतीने १६ सेकंद लागतात. सेकंदाला १० मीटर वेगाने ३०० मीटर यायला ३० सेकंद, घरावर थांबायला ५ सेकंद, ६० वरून १० मीटरपर्यंत सेकंदाला दीड मीटरने उतरायला ३३ सेकंद आणि शेवटचे १० मीटर सेकंदाला अर्धा मीटर अशा संथ गतीने उतरायला २० सेकंद लागतात. एकूण १०४ सेकंद. एका बॅटरीवर माझा ड्रोन बारा-तेरा मिनिटे उडतो. त्यातली पावणेदोन मिनिटे परतीसाठी बाजूला ठेवलीच पाहिजेत, आणि हे सारे वारा नसताना. समोरून वारा असेल तर तोच वेग राखण्यासाठी ड्रोन अधिक झुकतो आणि बॅटरी अधिक खातो. आपण बहुधा जाताना वाऱ्यासोबत गेलेलो असतो आणि ‘किती छान चालला आहे’ असे म्हणत असतो, हे लक्षात घ्यावे.

बॅटरीच्या बाबतीत आर्डूपायलट दोन पायऱ्या देते: व्होल्टेज पहिल्या मर्यादेखाली १० सेकंद राहिले तर एक कृती, दुसऱ्या, अधिक गंभीर मर्यादेखाली गेले तर दुसरी. तीन सेलच्या बॅटरीला पहिली मर्यादा मुळात १०.५ व्होल्ट असते, जी माझ्या मते फार खाली आहे. माझ्या जुन्या बॅटऱ्या तिथून पुढे कड्यावरून कोसळल्यासारख्या उतरतात. मी पहिली मर्यादा १०.८ व्होल्ट ठेवून तिला परतीची कृती जोडली आहे आणि दुसरीला आहे तिथेच उतरण्याची. मात्र इथे एक उणीव स्पष्टपणे सांगायला हवी. डीजेआय या कंपनीचे छोटे ड्रोन घरापासूनचे अंतर सतत मोजून ‘आता निघाले नाही तर पोहोचणार नाही’ अशी वेळ स्वतः काढतात. आर्डूपायलटच्या या व्यवस्थेला अंतराचे भान नाही. ड्रोन ३० मीटरवर असो की ३०० मीटरवर, तिच्यासाठी १०.८ म्हणजे १०.८. घरगुती वापराच्या ड्रोनमध्ये ही सोय असताना इतक्या समर्थ फर्मवेअरमध्ये ती नसावी, याची मला खंत वाटते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र फर्मवेअरच्या बाहेरची आहे आणि ती मला एका मित्राच्या ड्रोनने शिकवली. त्याने सर्व फेलसेफ, म्हणजे बिघाड झाल्यास आपोआप होणाऱ्या कृती, चालू केलेले होते. एका संध्याकाळी दीडशे मीटरवर असताना संपर्क तुटला आणि ड्रोन परत येण्याऐवजी थोडा थोडा खाली येत, नाकासमोर चालत राहिला आणि शेजारच्या उसात शिरला. ऊस आडसाली, पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला. उसाचे मालक आबा बांधावर आले आणि म्हणाले, “अवो, चार सऱ्या आत गेलात की दिशा कळायची नाही तुम्हाला. कमरेला दोरी बांधून जावा.” आम्ही खरोखर दोरी बांधून आत गेलो. पाल्याने हात ओरबाडून निघाले होते, पण टेलिमेट्रीवर (ड्रोनकडून जमिनीवर येणाऱ्या माहितीत) नोंदलेल्या शेवटच्या स्थानापासून चार पावलांवर ड्रोन सापडला. दोन प्रॉप (पंखे) तुटलेले आणि चौकटीचा एक हात मोडलेला.

रात्री लॉग, म्हणजे उड्डाणाची नोंद, उघडला तेव्हा कारण दिसले. संपर्क तुटल्यानंतर ३१ सेकंद थ्रॉटलचा (मोटरचा जोर ठरवणाऱ्या काडीचा) आकडा १३६० वर तंतोतंत स्थिर होता. जिवंत माणसाच्या बोटाखाली तो इतका स्थिर कधीच राहत नाही. रिसीव्हर (रिमोटचे हुकूम घेणारा ड्रोनवरचा भाग) संपर्क तुटल्यावर गप्प बसण्याऐवजी शेवटचा मिळालेला हुकूमच पुन्हा पुन्हा पाठवत होता. फ्लाइट कंट्रोलरच्या दृष्टीने संपर्क तुटलेलाच नव्हता, मग त्याने फेलसेफ लावावा कशासाठी? आर्डूपायलट संपर्क तुटल्याचे दोन खुणांवरून ओळखते: एक तर रिसीव्हरकडून काहीच येणे थांबले पाहिजे, किंवा थ्रॉटलचा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या, मुळात ९७५ च्या, खाली गेला पाहिजे. अनेक रिसीव्हर कारखान्यातून ‘शेवटची स्थिती धरून ठेव’ अशाच सेटिंगमध्ये येतात आणि ते बदलायचे काम आपले असते.

याची तपासणी घरच्या टेबलावर पाच मिनिटांत होते, म्हणून ती न करणाऱ्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. चारही प्रॉप काढावेत, ड्रोन केबलने लॅपटॉपला जोडून मिशन प्लॅनर (आर्डूपायलटची सेटिंग पाहण्याचे सॉफ्टवेअर) उघडावे, रिमोट चालू असताना थ्रॉटलची पट्टी पाहावी आणि मग रिमोट बंद करावा. पट्टी ९७५ च्या खाली कोसळली किंवा पडद्यावर फेलसेफचा इशारा आला तर ठीक. पट्टी होती तिथेच राहिली तर त्या ड्रोनला रानात नेऊ नये. त्यानंतर रानात ३० मीटरवर, १५ मीटर उंचीवर, लोक आणि जनावरे लांब असल्याची खात्री करून रिमोट प्रत्यक्ष बंद करावा.

ही चाचणी करताना एक बारकावा माहीत असायला हवा, नाहीतर घाबरगुंडी उडते. रिमोट पुन्हा चालू केल्यावर ताबा आपोआप तुमच्याकडे येत नाही. ड्रोन परतीच्याच मोडमध्ये राहतो. मोडचा स्विच एकदा दुसरीकडे नेऊन परत आणावा लागतो, तेव्हा हातात येतो. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण संपर्क कमकुवत असताना तो क्षणात येतो आणि क्षणात जातो, आणि प्रत्येक वेळी ड्रोन मालक बदलत राहिला तर ते अधिक धोक्याचे ठरेल. पण पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला ड्रोन ऐकतच नाही असे वाटते आणि तो रिमोटच्या काड्या जोरजोरात हलवू लागतो.

जीपीएसच गेला तर परतीचा प्रश्नच उरत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. स्थितीबद्दलचा अंदाज बिघडल्याचे फर्मवेअरच्या लक्षात आले की ते आहे तिथेच उतरवायला घेते. होकायंत्र चुकत असेल तर ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी वाढत्या वर्तुळात फिरू लागतो आणि तशा अवस्थेत परतीचे बटण दाबणे म्हणजे चुकीच्या दिशादर्शकावर विसंबून प्रवास करणे होय. तिथे ‘अल्ट होल्ड’ या फक्त उंची धरून ठेवणाऱ्या मोडमध्ये घेऊन हातानेच आणावा. मोटरच्या जाड तारांपासून होकायंत्र जितके दूर, तितके बरे. म्हणूनच होकायंत्र ज्यात असते तो जीपीएस उभ्या दांडीवर बसवतात. लोखंडी सळयांच्या गच्चीवर उभे राहून होकायंत्राचे कॅलिब्रेशन (दिशा जुळवून घेणे) करू नये.

तुलनेसाठी दोन शब्द. रेसिंगच्या ड्रोनवर चालणारे बीटाफ्लाइट हे फर्मवेअर मुळात संपर्क तुटला की मोटर बंद करून ड्रोन खाली टाकते. ऐकायला हे क्रूर वाटते, पण छोट्या मैदानात, कडेला माणसे उभी असताना, ताशी शंभर किलोमीटरने जाणारी वस्तू स्वतःच्या मनाने फिरण्यापेक्षा तिथेच पडणे बरे; त्यांची निवड त्यांच्या कामासाठी रास्त आहे. तिथेही जीपीएस लावून ‘जीपीएस रेस्क्यू’ निवडता येतो. डीजेआयच्या मिनी २ सारख्या २४९ ग्रॅमच्या ड्रोनमध्ये परतीची सोय अधिक गुळगुळीत आहे, पण त्याला फक्त खालच्या बाजूचे सेन्सर आहेत. समोरचे झाड त्यालाही दिसत नाही. सर्व बाजूंनी अडथळे पाहणारा त्या वजनाचा एक ड्रोन म्हणजे २०२३ मध्ये आलेला मिनी ४ प्रो. सांगण्याचा हेतू असा की ‘याला रिटर्न टू होम आहे’ हे वाक्य तीन ड्रोनबद्दल तीन वेगळ्या अर्थांनी खरे असते, आणि दुकानदार तिन्ही वेळा ते एकाच सुरात म्हणतो.

आर्डूपायलटची ताकद ही, की प्रत्येक बिघाडासाठी वेगळी कृती निवडता येते आणि प्रत्येक आकडा आपल्या हातात असतो. हे विनामूल्य आहे आणि त्याचा कोडही कोणालाही वाचता येतो. नवख्याने ते लावू नये असे मी म्हणणार नाही; त्याने फक्त १५ मीटरचा आकडा पहिल्याच दिवशी बदलावा, भौगोलिक कुंपण (ठरलेल्या हद्दीबाहेर ड्रोन जाऊ न देणारी सोय) चालू करावे आणि पहिल्या दहा उड्डाणांपैकी निदान तीन केवळ बिघाडाच्या तालमीसाठी ठेवावीत.

मित्राने मोडलेला हात बदलला, रिसीव्हरचे सेटिंग दुरुस्त केले, आणि आम्ही पुन्हा त्याच रानात गेलो. या वेळी आबाही बांधावर येऊन बसले. ड्रोन चाळीस मीटरवर गेल्यावर मित्राने रिमोटचे बटण दाबून धरले, पडदा विझला आणि आम्ही तिघेही गप्प झालो. सेकंदभराने ड्रोन थबकला, उसाच्या शेंड्यांच्या कितीतरी वर चढला, आमच्याकडे वळला. तो आर्म केलेल्या खुणेपासून दीड मीटरवर, वाळलेल्या गवतात उतरला आणि प्रॉप थांबल्यावर आबांनी विचारले, “म्हणजे त्या दिवशी पण ह्याला वाट ठाऊक होती का?”